वाटी, रिंग आणि धूर

डिझेल इंजिनात इंधन जळते ते पिस्टनच्या माथ्यावर. वर सिलिंडर हेड, भोवती लाइनर म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, आणि खाली पिस्टन अशा बंद जागेत हवा दाबली जाते. ती इतकी तापते की नोझलमधून आलेले डिझेल ठिणगीशिवाय पेट घेते. हेड आणि लाइनर जागचे हलत नाहीत, हलतो तो पिस्टन. ज्वलनाला जागा किती मिळते, त्या जागेचा आकार कसा आहे, तिथली हवा कशी फिरते, वायू कुठून निसटतो आणि वंगणाचे तेल किती वर चढते, यांतले बरेच काही पिस्टन ठरवतो. म्हणून धुराचे नियम कडक होत गेले तसतसा पिस्टनही बदलला. दोन पिढ्यांपूर्वीचा पिस्टन आणि आजचा पिस्टन शेजारी ठेवले तर माथ्यावरची वाटी, रिंगांच्या खाचा, आतली तेलाची वाट आणि काही वेळा धातूसुद्धा वेगळा दिसतो.

या सगळ्या पिढ्या एकत्र पाहायला मिळतात त्या रायगडच्या किनाऱ्यावर. न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून निघणारे कंटेनर ट्रक, मुंबई-गोवा महामार्गावरच्या एसटी गाड्या, अलिबाग परिसरातल्या विक्रम आणि मिनिडोर या सहा आसनी रिक्षा, मांडवा-रेवसच्या लाँचेस आणि थळपासून श्रीवर्धनपर्यंतच्या बंदरांतल्या यांत्रिक मासेमारी नौका यांचा धंदा आजवर मुख्यतः डिझेलवर उभा राहिला. मात्र त्यांच्या धुराला लागू असलेले नियम एक नाहीत, त्यामुळे त्यांचे पिस्टनही एक नाहीत.

दोन प्रदूषके, एक पेच

डिझेलच्या धुरात दोन गोष्टी मुख्यतः त्रासाच्या असतात. पहिली म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडे, म्हणजेच नॉक्स. हवेतला नायट्रोजन एरवी निष्क्रिय असतो, पण ज्वालेचे तापमान सुमारे १,५०० अंश सेल्सिअसच्या वर गेले की तो ऑक्सिजनशी वेगाने संयोग पावू लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे काजळी. इंधनाच्या फवाऱ्यात जिथे डिझेल जास्त आणि हवा कमी असते, तिथे कार्बनचे सूक्ष्म कण तयार होतात. त्यांतले बरेच पुढे हवा मिळाल्यावर जळून जातात, उरलेले धुराबरोबर बाहेर पडतात.

या दोघांवरचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध जातात. ज्वलन गरम आणि जोमदार केले तर काजळी जळते, पण नॉक्स वाढतो. इंधन उशिरा सोडून किंवा निकास वायूचा काही भाग पुन्हा सिलिंडरमध्ये घेऊन, म्हणजे ईजीआर वापरून, ज्वलन थंड केले तर नॉक्स घटतो, पण काजळी वाढते आणि डिझेलही जास्त लागते. वाहनउद्योगातल्या संशोधकांनी गेली चार दशके या पेचात घालवली. पिस्टनच्या रचनेत झालेले बरेचसे बदल याच पेचातून निघाले आहेत.

काजळी आणि नॉक्सखेरीज न जळलेले हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड यांवरही मर्यादा असतात. डिझेलमध्ये त्यांचे प्रमाण कमी असते, पेट्रोलमध्ये मात्र तेच मुख्य दुखणे ठरते. त्यातही पिस्टन आणि लाइनर यांच्यातल्या बारीक फटींचा वाटा मोठा असतो.

नियमांची चढण

वाहनांच्या धुरावर भारतात उत्पादनाच्या पातळीवर मर्यादा आल्या त्या १९९० च्या दशकाच्या आरंभी. युरोपच्या धर्तीवरचे नियम २००० साली ‘इंडिया २०००’ या नावाने लागू झाले. त्यांनाच पुढे भारत स्टेज मालिकेतला पहिला टप्पा मानले गेले. पुढची आखणी करण्यासाठी केंद्र सरकारने २००१ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. मूळचे गोव्यातील माशेलचे असलेले माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. या समितीच्या शिफारशींवर आधारलेले वाहन-इंधन धोरण २००३ मध्ये जाहीर झाले. इंधन आणि इंजिन यांचे नियम एकत्र पुढे न्यावेत आणि मोठ्या शहरांपासून सुरुवात करावी, असे त्याचे सूत्र होते.

या सूत्रामुळे मुंबईची खाडी ही काही वर्षे नियमांचीही सीमा झाली. एप्रिल २०१० मध्ये मुंबई, पुणे आणि सोलापूर यांच्यासह १३ शहरांत भारत स्टेज चार लागू झाले. त्या यादीत अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन नव्हते. किनाऱ्यावरच्या पंपावर तेव्हा भारत स्टेज तीनचे डिझेल मिळे, त्यात गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ३५० पर्यंत चाले. मुंबईच्या डिझेलमध्ये ही मर्यादा ५० होती. न्हावा-शेवाहून देशभर जाणाऱ्या ट्रकला वाटेत कुठलेही डिझेल भरावे लागे, म्हणून त्याचे इंजिन जुन्याच इंधनाला साजेसे ठेवणे भाग होते.

भारत स्टेज चार देशभर आले १ एप्रिल २०१७ रोजी. त्याच्या तीन दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाने भारत स्टेज तीनच्या शिल्लक गाड्यांची विक्री रोखली. त्याआधीच, जानेवारी २०१६ मध्ये, पाचवा टप्पा वगळून थेट सहाव्यावर जाण्याचा निर्णय झाला होता. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा एकाच वेळी सगळ्या देशात लागू झाले आणि डिझेलमधले गंधक दशलक्ष भागांत १० वर आले.

या चढणीचा आवाका आकड्यांत स्पष्ट दिसतो. जड वाहनांच्या डिझेल इंजिनाला २००० साली एक किलोवॅट-तास कामामागे ८ ग्रॅम नॉक्स सोडण्याची मुभा होती. दुसऱ्या टप्प्यात ती ७ वर, तिसऱ्यात ५ वर, चौथ्यात ३.५ वर आणि सहाव्यात ०.४ वर आली. सूक्ष्मकणांची मर्यादा ०.३६ ग्रॅमवरून ०.०१ ग्रॅमवर उतरली. मधल्या काळात चाचणीची पद्धतही बदलली, त्यामुळे हे आकडे एकास एक ताडून पाहता येत नाहीत. तरी वीस वर्षांत नॉक्स विसाव्या हिश्श्यावर आला, हे ढोबळ चित्र खरे आहे. सहाव्या टप्प्यात कणांच्या वजनाबरोबर त्यांची संख्याही मोजली जाऊ लागली.

माथ्यावरची वाटी

थेट इंधन सोडणाऱ्या डिझेल इंजिनात ज्वलनकक्षाचा मोठा भाग पिस्टनच्या माथ्यात कोरलेला असतो. जुन्या इंजिनांत ही वाटी उघडी, उथळ आणि साध्या गोलाईची असे. इंधनाचा दाब काही शे बार, नोझलला चार-पाच भोके आणि फवारा जाडसर, असा सगळा मामला होता. डिझेल भिंतीवर आपटे, तिथेच साचून अर्धवट जळे आणि चढावर गाडीमागे काळा लोट दिसे.

कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून इंधन देण्याची पद्धत, आल्यावर इंधनाचा दाब १,६०० बारच्या पुढे गेला. आजच्या काही इंजिनांत तो २,००० बारच्याही वर असतो. भोके बारीक झाली आणि त्यांची संख्या आठ-दहापर्यंत गेली. अशा फवाऱ्याला साजेशी वाटी वेगळी असावी लागते. तिचे तोंड आतल्या पोटापेक्षा अरुंद ठेवले जाते आणि मधोमध शंकूसारखा उंचवटा असतो. पिस्टन वर येताना कडेच्या सपाट पट्टीवरची हवा चेपली जाऊन जोराने वाटीत शिरते. हवा आत येतानाच तिला मिळालेली चक्राकार गती अरुंद तोंडामुळे आणखी वाढते. फवारा वाटीच्या ओठावर पोचला की त्याचे दोन भाग होतात. एक खाली वाटीच्या पोटात वळतो, दुसरा वर सपाट पट्टीकडे जातो. दोन्हीकडे पुरेशी हवा मिळाली तर काजळी जिथल्या तिथे जळते.

ओठाचा कोन, वाटीची खोली आणि फवाऱ्याचा कोन यांत मिलिमीटरच्या भागाइतकी चूक झाली तरी मोजमापात फरक पडतो. अलीकडे अनेक इंजिनांत ओठाजवळ पायरी दिली जाते. तिच्यामुळे इंधनाची वाटणी अधिक नेमकी होते आणि ते लाइनरच्या भिंतीपर्यंत पोचत नाही. भिंतीवरचे इंधन वंगणात उतरले तर तेल पातळ होते आणि रिंगांची झीज वाढते. व्होल्वोच्या काही ट्रक इंजिनांत वाटीच्या आतल्या कडेला लाटांसारखे उंचवटे असतात. शेजारच्या दोन ज्वाला एकमेकींवर आदळण्याऐवजी त्यांच्यामुळे मध्यभागाकडे वळतात, जिथे न वापरलेली हवा शिल्लक असते.

वाटीच्या आकारमानावर दाबाचे गुणोत्तर, म्हणजे बोलीभाषेतले ‘कम्प्रेशन’, अवलंबून असते. मोटारींच्या डिझेल इंजिनांत ते पूर्वी १८-१९ च्या आसपास असे. नॉक्स घटवण्यासाठी ते १५-१६ पर्यंत खाली आणले गेले. माझ्दा कंपनीने २०१२ मध्ये १४ गुणोत्तराचे इंजिन बाजारात आणले. गुणोत्तर उतरले की ज्वाला थंड होते, पण थंडीत इंजिन चालू व्हायला कटकट होते आणि इंधनाची बचतही घटू शकते. ट्रकच्या इंजिनांत डिझेलचा खर्च मोठा असल्याने तिथे गुणोत्तर इतके उतरवलेले नाही. नॉक्सचा उरलेला भार पुढच्या शुद्धीकरण यंत्रणेवर टाकला जातो.

धातूची परीक्षा

पिस्टनचा नेहमीचा धातू म्हणजे ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांचे मिश्रण. त्यात साधारण १२ टक्के सिलिकॉन आणि थोडे तांबे, निकेल, मॅग्नेशियम असते. ते हलके असते आणि उष्णता झटकन वाहून नेते. पण सुमारे २०० अंशांच्या पुढे त्याचे बळ वेगाने घटते आणि वाटीच्या ओठावर तापमान ३५० अंशांच्या घरात जाते.

याच ठिकाणी कडक नियमांचा ताण सर्वांत जास्त बसतो. ईजीआरमुळे सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कमी पडतो. तो भरून काढायला टर्बोचार्जर जास्त हवा कोंबतो, त्यामुळे स्फोटाचा कमाल दाब वाढतो. जुन्या ट्रक इंजिनांत हा दाब १२०-१३० बार असे, आज २०० बारच्या आसपासची इंजिने रस्त्यावर आहेत. कमिन्सच्या ६.७ लिटर, सहा सिलिंडरच्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, १०७ मिलिमीटर आहे. एवढ्या माथ्यावर २०० बार म्हणजे सुमारे १८ टन भार, तोही मिनिटाला हजारभर वेळा. अरुंद तोंडाच्या वाटीचा ओठ पातळ आणि सगळीकडून तापणारा असल्याने तडा पहिल्यांदा तिथेच जातो.

त्यावर पहिला उपाय म्हणजे पिस्टनच्या आत, वरच्या रिंगेच्या मागे, तेल फिरवण्यासाठी कंकणाकृती पोकळी ठेवणे. खालून एक बारीक नळी तेलाची धार या पोकळीच्या तोंडावर सोडते. पोकळी पूर्ण भरू दिली जात नाही. अर्धवट भरलेले तेल पिस्टनच्या वरखाली होण्याने रवीखालच्या ताकासारखे घुसळले जाते आणि भिंतींवरची उष्णता उचलून दुसऱ्या भोकातून खाली पडते.

ही पोकळी बनते ती मिठापासून. साधे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, दाबून आणि भाजून त्याचे कंकण तयार करतात, ते साच्यात ठेवतात आणि भोवती वितळलेला धातू ओततात. मीठ ८०१ अंशांना वितळते आणि ॲल्युमिनियमचे मिश्रण त्याहून कमी तापमानाला ओतले जाते, म्हणून कंकण टिकते. पिस्टन घट्ट झाल्यावर भोके पाडून आत पाणी सोडले की मीठ विरघळून जाते आणि पोकळी उरते. पेण-उरणच्या मिठागरांवर पिकणारे मीठ मूलतः याच जातीचे रसायन आहे. ओतकामासाठी मात्र त्याची शुद्धता आणि दाण्याचा आकार काटेकोर लागतो.

वरच्या रिंगेची खाच हा दुसरा कच्चा दुवा. दाब आणि उष्णतेने ॲल्युमिनियमची खाच झिजते, रिंग सैल होते आणि वायू निसटतो. म्हणून तिथे निकेलयुक्त ओतीव लोखंडाचे कडे बसवतात. ते आधी वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये बुडवून घेतात, त्यामुळे दोन्ही धातू एकमेकांना धरून राहतात.

दाब आणखी चढल्यावर ट्रकच्या इंजिनांत पोलादी पिस्टन आला. पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट जड असते आणि उष्णता कमी वाहून नेते. मात्र त्याच्या बळामुळे पिस्टन आखूड आणि भिंती पातळ करता येतात, त्यामुळे वजनातला बराचसा फरक भरून निघतो. हे पिस्टन अनेकदा दोन घडीव भागांत बनवून घर्षणाने जोडले जातात आणि मधे प्रशस्त तेलपोकळी सोडली जाते. मर्सिडीज-बेंझने २०१४ मध्ये मोटारींच्या डिझेल इंजिनातही पोलादी पिस्टन आणले.

पोलादाचा दुसरा फायदा प्रसरणाचा. १०० मिलिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा पिस्टन २० अंशांवरून २०० अंशांवर तापला तर व्यासात साधारण ०.३६ मिलिमीटर फुगतो. पोलादी पिस्टन ०.२२ मिलिमीटरच्या आसपास फुगतो. त्याभोवतीचा लोखंडी लाइनर तुलनेने थंड राहतो, तो आणखी कमी फुगतो. या फरकासाठी थंड अवस्थेत जागा सोडावी लागते. ती जास्त असली तर इंजिन गरम होईपर्यंत पिस्टन भिंतीवर टकटक आपटतो आणि वायू खाली जातो. कमी असली तर पिस्टन अडकतो, म्हणजे गॅरेजच्या भाषेत इंजिन ‘सीझ’ होते. म्हणून थंड पिस्टन कधीच पुरता गोल नसतो. तो किंचित लंबगोल आणि पोटाशी फुगीर बनवतात आणि तापल्यावर तो गोल होतो. घर्षण कमी करायला त्याच्या बाजूंवर ग्रॅफाइट किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा काळसर लेप असतो.

रिंगा आणि तेलाचा हिशेब

डिझेल पिस्टनवर सहसा तीन रिंगा असतात. वरची दाब धरते, मधली दाब धरायला मदत करून तेल खरवडते आणि खालची भिंतीवर नेमका पातळ तेलथर ठेवते. पूर्वी इंजिन थोडे ‘तेल खाते’ हे मालक गृहीत धरत. भारत स्टेज सहामध्ये ते चालत नाही, कारण सिलिंडरमध्ये जळलेले तेलही कणांच्या मोजणीत येते.

शिवाय तेलातल्या कॅल्शियम, जस्त यांसारख्या द्रव्यांची राख होते. निकास नळीतल्या कण-गाळणीत, म्हणजे डीपीएफमध्ये, अडकलेली काजळी ठरावीक अंतराने जाळून टाकता येते. राख जळत नाही, ती साचतच जाते. गाळणीचे आयुष्य म्हणूनच बऱ्याच अंशी रिंगांच्या हातात असते. भारत स्टेज सहाच्या डिझेल गाड्यांना कमी राखेचे तेल लागते, ते याच कारणाने.

वरच्या रिंगेच्या वरचा पिस्टनचा काठ आणि लाइनर यांच्यात एक अरुंद फट असते. तिच्यात शिरलेल्या मिश्रणापर्यंत ज्वाला पोचत नाही आणि ते न जळता बाहेर येते. फट लहान करायला रिंग माथ्याच्या जवळ न्यावी लागते. माथ्याजवळ उष्णता जास्त, म्हणजे तेल करपून रिंग खाचेत चिकटण्याचा धोका वाढतो. त्यावर डिझेलमध्ये वरची रिंग पाचरीच्या छेदाची करतात. हलताना तिच्या खाचेतली जागा कमीजास्त होते आणि चिकटलेला कार्बन फुटून जातो. रिंगेवर क्रोमियम नायट्राइडसारख्या कठीण थराचे लेपन असते, त्यामुळे ताण कमी ठेवूनही ती टिकते.

पेट्रोलवरच्या दुचाकींमध्ये ही फट अधिक महत्त्वाची, कारण तिथे सिलिंडरमध्ये इंधन आणि हवा आधीच मिसळलेली असतात. दुचाकींच्या बाबतीत नियमांनी एक अख्खी जातच मोडीत काढली. टू-स्ट्रोक इंजिनात झडपा नसतात आणि पिस्टनच भिंतीतली दारे उघडतो-झाकतो. आत येणाऱ्या ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळता थेट बाहेर पडतो आणि पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलही जळते. मर्यादा खाली येत गेल्या तसे फोर-स्ट्रोक इंजिन रूढ झाले. भारत स्टेज सहामध्ये बहुतेक दुचाकींतून कार्बोरेटरही गेला आणि त्या जागी इंधन फवारणी आली.

थळचा युरिया आणि पिस्टनची मुभा

पिस्टनने कितीही केले तरी ०.४ ग्रॅमची नॉक्स मर्यादा फक्त सिलिंडरच्या आत गाठून व्यवहारात भागत नाही. त्यासाठी निकास नळीत शुद्धीकरण लागते. आधी ऑक्सिडीकरण उत्प्रेरक, मग कण-गाळणी आणि पुढे एससीआर, अशी साधारण मांडणी असते. एससीआरमध्ये युरियाचे ३२.५ टक्के द्रावण फवारले जाते. उष्णतेने त्यातून अमोनिया सुटतो आणि उत्प्रेरकावर नॉक्सशी क्रिया होऊन नायट्रोजन आणि पाणी बनते.

अलिबागजवळ थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा मोठा युरिया प्रकल्प आहे. नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया ही तिथली साखळी. शेतात पडणारा युरिया आणि ट्रकच्या टाकीतला युरिया रसायन म्हणून एकच. पण कडुलिंबाचे लेपन असलेला खताचा युरिया पाण्यात मिसळून टाकीत ओतला तर नोझल आणि उत्प्रेरक बिघडतात. वाहनाच्या द्रावणाला शुद्धतेची मर्यादा बरीच कडक असते.

एससीआरमुळे पिस्टनच्या रचनाकाराला थोडी मुभा मिळते. नॉक्स पुढे मारला जाणार असेल तर सिलिंडरमध्ये ज्वलन गरम ठेवता येते, काजळी कमी होते आणि डिझेल वाचते. त्याची किंमत म्हणजे वाढलेला दाब, म्हणजेच अधिक बळकट पिस्टन. भारत स्टेज चारच्या काळात देशातल्या ट्रक कंपन्या यावरून दोन वाटांनी गेल्या. अशोक लेलँडने ईजीआरवर भर दिला, टाटांसह इतर काहींनी जड वाहनांत एससीआर वापरले. भारत स्टेज सहामध्ये एससीआर आणि कण-गाळणी जवळजवळ सर्वच जड डिझेल वाहनांत आली.

पुण्यातली कसोटी

महाराष्ट्रात या कामाचा मोठा भाग पुणे पट्ट्यात होतो. १९४६ मध्ये स्थापन झालेली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, १९६२ पासूनची कमिन्सची भारतातली कंपनी आणि फलटणजवळचा टाटा कमिन्सचा कारखाना ही त्यातली ठळक नावे. वाहने आणि इंजिने नियमांत बसतात का, हे तपासणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, १९६६ मध्ये पुण्यात स्थापन झाली. कोथरूडच्या वेताळ टेकडीवर तिचे मुख्यालय आहे.

चाचणीत जड वाहनाचे इंजिन डायनॅमोमीटरला जोडतात आणि ठरलेल्या क्रमाने त्याचा वेग आणि भार बदलत धूर मोजतात. त्यात थंड इंजिनाने केलेली सुरुवातही धरली जाते. थंड पिस्टनची मोठी फट, चिकट तेल आणि न तापलेला उत्प्रेरक या तिन्हींचा दोष तेव्हा एकदम उघडा पडतो. पिस्टनची स्वतंत्र परीक्षाही होते. माथ्यात आणि खाचांजवळ खास धातूचे बारीक स्क्रू बसवून इंजिन पूर्ण भाराने चालवतात आणि नंतर त्या स्क्रूंचा कठीणपणा मोजून तिथले तापमान ताडतात. इंजिन आळीपाळीने तापवून आणि थंड करून ओठाला तडा जातो का, हेही पाहतात. एप्रिल २०२३ पासून मोटारींना प्रयोगशाळेबाहेर प्रत्यक्ष रस्त्यावरही धुराची मर्यादा पाळावी लागते.

नियमांबाहेरचे इंजिन

भारत स्टेजचे नियम मोटार वाहन कायद्याखाली येतात, म्हणून ते रस्त्यावर संपतात. रेवस, थळ, रेवदंडा, मुरूड, आगरदांडा, श्रीवर्धन इथल्या मासेमारी नौकांना ते लागू नाहीत. सागरी वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत नॉक्सच्या मर्यादा आहेत, पण त्या १३० किलोवॅटपेक्षा मोठ्या इंजिनांसाठी. मासेमारी नौकांवरची बरीच इंजिने त्याहून लहान असतात. भाऊचा धक्का ते मांडवा ही मोटारीही वाहून नेणारी रो-रो बोटसेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच महिन्यात भारत स्टेज सहा लागू झाले. बोटीच्या पोटात उभ्या असलेल्या नव्या मोटारीला एक नियम आणि ती मोटार वाहून नेणाऱ्या इंजिनाला दुसरा, अशी ही स्थिती आहे.

मासेमारी नौकेवरचे इंजिन अनेकदा ट्रकच्या इंजिनाचेच सागरी रूप असते, पण त्याचे काम वेगळे असते. जाळे ओढताना ते तासन्‌तास जड भाराखाली चालते, बाकी वेळ मंद गतीने धडधडत राहते. थंड करायला समुद्राचे पाणी असते. ते पाणी थेट इंजिनात फिरवले तर तापमान फार चढू देता येत नाही, नाहीतर क्षारांचे थर बसतात. त्यामुळे लाइनर गरजेपेक्षा थंड राहतो, पिस्टन पुरता फुगत नाही, फट मोठी राहते आणि वायू खाली निसटतो. डिझेलमध्ये गंधक जास्त होते त्या काळात थंड लाइनरवर आम्ल साचून रिंगा लवकर झिजत. किनाऱ्यावरच्या पंपांवर आता कमी गंधकाचे डिझेल येते. नियमांबाहेर असूनही नौकांना भारत स्टेज सहाचा हा एक लाभ मिळाला. इंजिनात गोडे पाणी आणि बाहेरून समुद्राच्या पाण्याने थंड होणारा उष्णता-विनिमयक अशी जोडणी असली तर इंजिन योग्य तापमानाला चालते, रिंगा टिकतात आणि डिझेलही कमी जळते.

डिझेल हा मासेमारी फेरीतला मोठा खर्च असतो. राज्य सरकार सहकारी संस्थांमार्फत मच्छीमारांना डिझेलवरच्या करात सवलत देते. जुने इंजिन काढून सुधारित पिस्टनचे आणि कॉमन रेलचे इंजिन बसवण्यास मदत मिळाली तर धुराबरोबर हा खर्चही घटू शकतो. या इंजिनाला स्वच्छ डिझेल आणि खाऱ्या दमटपणापासून जपलेली विद्युत जोडणी लागते, ही त्याची अट आहे.

गॅरेजमध्ये नियम टिकतो तो कसा

प्रयोगशाळेत मिळवलेले प्रमाणपत्र पुढे गॅरेजवर अवलंबून राहते. लाखो किलोमीटर चाललेल्या इंजिनाचे ‘हाफ इंजिन’ काम निघते तेव्हा रिंगा, पिस्टन, लाइनर आणि बेअरिंगे बदलतात. जुन्या इंजिनात बोअरला बसणारा पिस्टन मिळाला की काम भागे. आता दोन टप्प्यांच्या पिस्टनचा व्यास तोच असला तरी वाटी वेगळी असते. चुकीची वाटी बसली तर फवारा भलत्या जागी आपटतो, काजळी वाढते आणि गाळणी तुंबते. पिस्टन वरच्या टोकाला असताना ब्लॉकच्या पातळीपेक्षा किती वर येतो, हे मोजून त्याप्रमाणे खुणेचा हेड गॅस्केट निवडावा लागतो. त्यात चूक झाली तर कम्प्रेशनच बदलते. लाइनरवरच्या बारीक तिरप्या रेघा, रिंगांच्या टोकांमधली फट, तेलाच्या धारेची नळी सरळ आहे की नाही आणि रिंगांची तोंडे एका ओळीत आली नाहीत ना, या साध्या वाटणाऱ्या गोष्टी धुराच्या हिशेबात मोठ्या ठरतात.

पूर्वी दुखणे धुराच्या रंगावरून कळे. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त, निळा म्हणजे तेल जळते आहे आणि पांढरा म्हणजे न जळलेले डिझेल किंवा पाणी. भारत स्टेज सहाच्या गाडीत गाळणी हा पुरावा लपवते. रिंगा झिजल्या तरी नळीतून काही दिसत नाही. गाळणी वारंवार स्वच्छतेचा दिवा लावू लागते, तेलाची पातळी उतरते किंवा डिझेल मिसळून उलट चढते. हे दिसल्यावर गाळणी काढून टाकणे हा काही ठिकाणी सर्रास होणारा ‘उपाय’ बेकायदा आहे आणि मूळ दुखणे तसेच ठेवतो.

धुराच्या नियमांची मोठी पायरी इंधन, पिस्टन आणि शुद्धीकरण यंत्रणा या तिघांनी मिळून चढली आहे. त्यांतला एक मागे राहिला तर उरलेले दोघे ती भरून काढू शकत नाहीत. रायगडच्या रस्त्यावर हे तिन्ही आले आहेत, बंदरात अजून फक्त इंधन पोचले आहे. नौकेच्या इंजिनासाठी परवडणारी अदलाबदल योजना आणि बंदरांजवळ नव्या इंजिनांची दुरुस्ती जाणणारे मेकॅनिक, या दोन गोष्टींची सोय झाल्याशिवाय किनाऱ्यावरचा धूर निम्मासुद्धा आटोक्यात आला असे म्हणता येणार नाही.